सुमती त्या सभेत का थांबली

सुमती,

परवा तुझे बारावे झाले. माणसे पांगली, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत चढल्या आणि मी दारापुढच्या बाल्कांवावर, ओट्यावर येऊन बसलो. बसवेना. उठलो, आत गेलो, तुझ्या खोलीचे जनेल उघडले, बाहेर पाहिले, लावले, पुन्हा बाहेर आलो. वैजू म्हणाली, "बाबा, एका जागी बसा ना जरा. मलाच गरगरतंय तुमच्याकडे बघून." तिला वाटले, दुःखाने होत असेल. दुःख आहेच. पण मला बसू न देणारी गोष्ट दुसरी आहे.

जेवणे झाल्यावर वाचनालयाची मंडळी माझ्याभोवती जमली होती. येत्या रविवारी त्यांना डिचोलीत तुझी शोकसभा घ्यायची आहे. सेक्रेटरी म्हणाला, "सर, काकींचा तो किस्सा तुम्हीच सांगा हं. सभा फार रडकी नको." बरोबरच्या तरुणाला किस्सा ठाऊक नव्हता, तर सेक्रेटरीनेच त्याला सांगितला. "अरे, गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी हा वाद पेटला होता तेव्हाची गोष्ट. सर मराठीचे, काकी कोकणीच्या. एकाच घरात! काकी हळर्णला, त्यांच्या माहेरी, भाषणाला उभ्या राहिल्या. दोन वाक्ये बोलल्या आणि नमस्कार करून खाली! दुसऱ्या दिवशी सर सांखळीच्या सभेत काय म्हणाले माहितेय? म्हणाले, आमच्या घरात कोकणी दोन वाक्यांच्या पुढे गेली नाही."

सगळे हसले. बेतानेच हसले, तुझ्या हार घातलेल्या फोटोकडे एकदा बघून. आणि मी काय केले सांगू? मीही हसलो. इतकी वर्षे ज्या जागी हसत आलो त्याच जागी.

तेव्हापासून मला बसवत नाही.

माझ्या आवाजाची या तालुक्यात आजही तारीफ होते. "सरांना देवाची देणगी" असे माझ्या सत्कारात लोक बोलले आणि तू पहिल्या रांगेत बसून पदर नीट करत राहिलीस. देवाचा यात काही संबंध नव्हता हे आपल्या दोघांनाच माहीत होते. लग्नानंतर पहिल्यांदा मी शाळेच्या पालकसभेत बोललो आणि 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण' या दोन शब्दांवर अडखळून घाम पुसत घरी आलो, तेव्हा तू भाजी चिरता चिरता विचारलेस, "बोलण्याआधी जीभ सोडवली होती का?" मला कळेना. जीभ काय गाठोडे आहे सोडवायला? तू विळी बाजूला सारलीस आणि एका श्वासात म्हणालीस, "हळर्णच्या हरळीत हळद हरवली, हळदीत हरळ उरली." मला म्हणायला लावलेस. माझी जीभ हळदीपर्यंत पोचलीच नाही. तू इतकी हसलीस की आतून माझी आई विचारू लागली, "कितें जालें गे?"

ही विद्या तुझ्या बाबांची. ते दशावतारात राजाची कामे करायचे. लिहिलेले संवाद नाहीत, सगळे उभ्या उभ्या सुचायचे आणि तेही भारदस्त मराठीत. म्हणून वेषांचा पेटारा उघडण्याआधी, तोंडाला रंग लावण्याआधी, ते देवळामागे जाऊन जीभ सोडवायचे. समोर कोणीतरी लागायचे, कारण ही वाक्ये एकट्याने म्हणायची नसत. एकाने फेकायचे, दुसऱ्याने झेलून जास्त वेगाने परत फेकायचे. तो दुसरा म्हणजे तू, परकर नेसणारी पोर. रंगमंचावर मराठी बोलणारा तो राजा जीभ मात्र कोकणीत सोडवायचा. "पेडण्यां पेरां पिकलीं, पिकिल्लीं पेरां पेडण्यांच विकलीं." मी एकदा म्हणालो की यातले निम्मे मराठीत करून घेऊ, तर तू म्हणालीस, "करा. पण पेरू म्हटलात की जीभ आळसावते."

मागच्या अंगणात आपली ती जागा ठरून गेली. तू विहिरीपाशी, मी तुळशीपाशी. आधी कोमट पाणी, चहा नाही. आधी ओठांची वाक्ये, मग टाळूची, मग अंतर वाढवायचे. "ढकलू नका आवाज. सोडा. तो आपणहून येतो माझ्यापर्यंत." शेजारची म्हातारी कुंपणावरून ओरडायची, "कितें ओ मास्तर, दोगांकय पिशें लागलां काय कितें?" तिला आपण दोघे वेडे वाटायचो आणि तू तिलाही एक वाक्य फेकायचीस. तीही दात नसलेल्या तोंडाने ते परत करायला बघायची.

माझ्या भाषणातला तो थांबा, ज्याची नक्कल करून पोरे बक्षिसे मिळवायची, तोही तुझा. महत्त्वाच्या शब्दाच्या आधी सगळे थांबतात, तू मला नंतर थांबायला शिकवलेस. "शब्द टाकलात ना? आता त्यांना उचलू द्या." वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेऊन शेवटचा शब्द जवळ बसलेल्या माणसाशी बोलल्यासारखा म्हणायचा, हेही तुझेच. मी कधी कुणाला सांगितले नाही. विचारलेही नव्हते कुणी.

मग गोवा घटकराज्य होण्याच्या आधीचे ते दिवस आले. गावोगाव सभा, भिंतींवर अक्षरे, एका घरातली माणसे एकमेकांच्या पंगतीला बसेनात. मी मराठीच्या बाजूने बोलू लागलो. आपल्या घरात वाद सुरू झाला आणि तो खरे म्हणजे अजून मिटलेला नाही. मी म्हणायचो, आमच्या घरातले भजन मराठी, पोथी मराठी, आजोबांची पत्रे मराठी, मग आमची भाषा कुठली? तू म्हणायचीस, "झोपेत कुठली बोलता ते मला विचारा. न्हिदेंत तुमी कोंकणींतूच बडबडटात." मी चिडायचो आणि गंमत अशी की चिडलो की मी कोकणीत उतरायचो. तू मग मुद्दाम शुद्ध मराठीत, एखाद्या राणीसारखी म्हणायचीस, "स्वामी, आपला क्रोध आवरावा." वैजू दाराआडून खिदळायची.

तू मराठी नको असे कधी म्हणाली नाहीस, हे मी तेव्हा ऐकूनच घेतले नाही. तुझे म्हणणे एवढेच की आई ज्या बोलीत आपल्याला रागावली तिला सरकारी कागदावर उभे राहायला जागा हवी. यावर माझी उत्तरे आजही तयार आहेत. त्यांतली काही मला आजही बरोबर वाटतात. तू असतीस तर संध्याकाळी पुन्हा सुरू केले असते.

पण माझ्या प्रत्येक सभेच्या दिवशी सकाळी तू विहिरीपाशी उभी असायचीस. तुझ्याच विरुद्ध बोलायला जाणारी जीभ तू सोडवून द्यायचीस. मी विचारले होते, "तुला हे खटकत नाही?" तू म्हणालीस, "वाद घाला. पण अडखळत घालू नका. माझा नवरा अडखळला तर मला लाज वाटेल."

आता त्या दिवसाकडे येतो. तीन वेळा पान उलटून ठेवले आणि पाणी पिऊन आलो.

फिलू टीचर, हळर्णच्या शाळेत तुला शिकवलेल्या, मूळच्या बार्देशच्या, कोकणीच्या सभा भरवायच्या. त्या घरी आल्या, चहात पाव बुडवून खाल्ला आणि माझ्यादेखत तुला म्हणाल्या, "सुमती, तूं उलय गो. पेडण्याची बायल उबी रावली जाल्यार लोक आयकतले." पेडण्याची बाई उभी राहिली तर लोक ऐकतील. सभा पेडण्यातच, हळर्णला, तुझ्या शाळेच्या मैदानावर. तू माझ्याकडे पाहिलेस. मी मोठ्या मनाचा माणूस होतो ना! म्हणालो, "खुशाल बोल. लोकशाही आहे."

तुझे बाबा येणार होते. तेव्हा ते कामे करत नव्हते, पायांनी साथ सोडली होती. आयुष्यभर त्यांनी वाक्य फेकले आणि तू झेललेस, आता ती पोर स्वतः उभी राहून बोलणार म्हणून त्यांनी निरोप धाडला होता की मला पुढची खुर्ची ठेवा. त्या आठवड्यात तू आमटी ढवळता ढवळताही काहीतरी पुटपुटत होतीस. तुला सर्दी झाली होती. रात्री मिठाच्या गुळण्या करायचीस.

सभेच्या सकाळी तू जीभ सोडवण्यासाठी मागे निघालीस. त्या दिवशी वाक्य फेकणारी तू, झेलणारा मी. हळू, थोडेसे, घसा सांभाळून करायचे, असे तू सांगितले होतेस. आणि मी म्हणालो, "माझीही उद्या सांखळीला सभा आहे. आपण दोघांचे एकदमच करून घेऊ. मागे नको, पुढे करू. सांखळीचे मैदान रस्त्याला लागून आहे, मला ट्रकांची सवय हवी."

आपल्या घरापुढून खाणीचे ट्रक जायचे. खनिज भरलेले, एकामागून एक, थांबत नसत. लाल धूळ इतकी की बाल्कांवावर बोटाने नाव लिहावे. मी तुला रस्त्याच्या पलीकडे उभे राहायला सांगितले.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. तो क्षण मी कितीही हलवून ठेवला तरी जागेवरच परत येतो. मला वाटले, आता नाही म्हणेल. मला वाटते, नाही म्हणावे असेही मला वाटत होते. तू पदर नाकावर घेतलास आणि रस्ता ओलांडलास.

"काळ्या कातळावर करड कापले, कापलेले करड कातळावर वाळले." मी फेकायचो. तू परत करायचीस. मध्ये ट्रक. मी हात कानाला लावून खूण करायचो, ऐकू आले नाही. तू पुन्हा म्हणायचीस, जास्त मोठ्याने. मला ऐकू आले होते, सुमती. पहिल्यांदाच ऐकू आले होते. मी पुन्हा पुन्हा हात कानाला लावला. शेवटी तू खोकत खोकत परत आलीस आणि पायरीवर बसलीस. मी म्हणालो, "छान झाले."

संध्याकाळी मी हळर्णला गेलो, बायकोला पाठिंबा द्यायला! मागे उभा राहिलो. तुझे बाबा पुढे, कोट घालून, काठी गुडघ्यांत. तू उठलीस. पहिले वाक्य आले, खोलातून आल्यासारखे. दुसरे फाटले. तिसऱ्याला तुझे ओठ हलले आणि ध्वनिक्षेपकातून नुसता वारा आला. लोक थांबले. कुणीतरी मागे टाळ्या वाजवल्या, आमच्या बाजूची पोरे असावीत. तू नमस्कार केलास आणि खाली उतरलीस.

बाबांनी तुला जवळ बोलावले. तोवर मीही पुढे येऊन शेजारी उभा होतो. ते म्हणाले, "लग्न जालें आनी जिबेक गंज चडलो गे चेडवा." चिडून नव्हे. आपलेच काहीतरी चुकले असावे अशा आवाजात. तू खरे सांगितले नाहीस. मी सांगू शकलो असतो. एक वाक्य होते. मी त्यांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

ते त्यानंतर फार जगले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा तू मागच्या अंगणात, विहिरीपाशी उभी होतीस. घसा पूर्ण बसलेला. मी तुळशीपाशी जाऊन उभा राहिलो आणि वाक्य म्हटले. तू परत फेकू शकत नव्हतीस. तू टाळीने ठेका दिलास. कुठे थांबायचे तिथे हात वर धरलास. मी ते घेतले आणि सांखळीला जाऊन तो विनोद केला.

लोक हसले म्हणून मी तो डिचोलीत केला, पेडण्यात केला, घटकराज्य झाल्यावर, भांडण निवल्यावर दोन्ही बाजूंच्या एकत्र जेवणातही केला. फिलू टीचरनी तुला पुन्हा बोलावले तेव्हा तू नाही म्हणालीस. मी कारण विचारले. तू कपडे वाळत घालत होतीस. वळून हसत म्हणालीस, "म्हजो ताळो तुमच्याच कामाक जाय न्हय?" माझा आवाज तुमच्याच कामाला हवा ना? मी हसलो. रात्रभर मला झोप नव्हती आणि सकाळी मी ते विसरलो असे स्वतःला सांगितले.

का केले? लोकांना वाटेल, मराठीसाठी. तसे असते तर मी केव्हाच कबूल करून टाकले असते, त्या दिवसांत माणसांनी चळवळीपायी याहून वाईट गोष्टी केल्या. मला कोकणीची भीती नव्हती. तू उभी राहून बोलू लागलीस की तो थांबा, ते वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेणे लोक ऐकतील आणि म्हणतील, अरे, हे तर मास्तरांचे. मग घरी जाताना कुणीतरी शहाणा म्हणेल, नव्हे, मास्तरांचे हे सगळे तिचे. मला ते नको होते. एवढेच. इतके लहान कारण होते.

तुझ्या शेवटच्या दिवसांत मी एकदा धीर केला. तुझ्या उशाशी बसून म्हणालो, "त्या सकाळी, पुढच्या अंगणात..." तू डोळे न उघडता म्हणालीस, "ट्रक खूब आशिल्ले." आणि कुशीवर वळलीस. खूप ट्रक होते. मी त्या तीन शब्दांचा काय अर्थ घेऊ? तू मला माफ केलेस, की माझे तोंड बंद केलेस? आज सकाळपासून मी ते दोन्ही सुरांत म्हणून पाहिले. दोन्ही सूर तुझेच वाटतात.

काल मी वैजूला सगळे सांगितले. ती तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालायची थांबली नाही. म्हणाली, "शाळेत मला किती वेळा वक्तृत्वाला नाव द्यायला सांगितलं बाबा. मी बाईंना सांगायचे, मी आईवर गेलेय, आमच्यात नाही ते." मग साडी कपाटात ठेवून ती वास्कोला नवऱ्याला फोन करायला बाहेर गेली. जेवताना माझ्याशी बोलली नाही. भात मात्र वाढला.

मग मी फिलू टीचरना फोन लावला. ऐकू कमी येते त्यांना, मला ओरडून सांगावे लागले, शेजारपाजाऱ्यांनी ऐकले असेल, ऐकू दे. त्यांनी मला सगळे पुन्हा एकदा सांगायला लावले. मग म्हणाल्या, "मास्तर, इतले दीस खंय आशिल्ले तुमी?" इतके दिवस कुठे होता तुम्ही? आणि मग त्यांनी मला माहीत नसलेले सांगितले. त्या दुपारी तू बसमध्ये म्हापशापर्यंत रडत होतीस. काय झाले ते तू त्यांना सांगितले नाहीस, पण आवाज गेलाय हे तुम्हा दोघींना बस निघाली तेव्हाच कळले होते. टीचर म्हणाल्या, दुसरी कोणी बोलेल, तू नुसती बस. आणि हळर्णला पोचल्यावर तू स्टेजच्या मागून वाकून पाहिलेस आणि म्हणालीस, "बाबा फुडें बसला. हांव चडटां."

म्हणजे तू अडखळली नव्हतीस. घाबरली नव्हतीस. आवाज नाही हे जाणून तू चढलीस, बाप समोर बसलाय म्हणून, आणि जे होते तेवढे दोन वाक्यांत देऊन उतरलीस. त्यावर मी इतकी वर्षे लोकांना हसवले.

आज सेक्रेटरीला कळवले की डिचोलीत सभा नको. हळर्णला घेऊ, देवळाच्या मंडपात, जिथे तुझ्या बाबांचे खेळ व्हायचे. तो म्हणाला, "सर, तिथे येणार कोण?" मी म्हणालो, "त्या सभेला जे होते त्यांच्यातले जे उरलेत ते. आणि त्यांची मुले." "आणि किस्सा?" "किस्सा मीच सांगणार आहे," मी म्हणालो. तो खूश झाला. त्याला रविवारीच कळेल. तू म्हणायचीस तसे मी आता आवाज ढकलणार नाही. बसला तर बसला.

फिलू टीचर आधी बोलतील, कोकणीत, त्यांना हवा तेवढा वेळ. मग मी उभा राहीन. तुझ्या बाबांना सांगायचे राहिले, ते आता कुणाच्या हातात नाही, पण त्यांचे पुतणे आहेत, पुतण्यांच्या सुना आहेत, तुला "जीभ गंजलेली आत्या" म्हणून ओळखणारी माणसे आहेत. त्यांना सांगेन. वैजू येईन म्हणाली आहे. माझ्याबरोबर नाही, वेगळ्या गाडीने.

सभेनंतर तिथे जेवण असते, तुला ठाऊकच आहे. त्या घराचा जावई म्हणून मी नेहमी पहिल्या पंगतीला, पहिल्या पाटावर बसत आलो. या खेपेस मला कुणी जेव म्हटले नाही तरी चालेल. मी मंडपाबाहेर थांबेन. बसची वाट बघेन.